तसबीर बंगल्यातले रविवार

मालन निरभवणे भगूरच्या बारशातून न जेवता निघाली, तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं.

बारसं तिच्या दिराच्या, रावजीच्या मुलीचं. मालननं बाळासाठी स्वतः झबलं-टोपडं शिवलं होतं. नाशिक रोडहून सकाळची बस धरून ती वेळेत पोचली होती. बुद्धवंदना झाली, बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून झाला, आणि बाळाला पाळण्यात घालायची वेळ आली तशी सासूबाईंनी तिच्या कोपराला हात लावून हळूच म्हटलं, "तू जरा मागं हो, मालन. लेकुरवाळ्या बायांना येऊ दे पुढं."

एवढंच. कोणी भांडलं नाही की आवाज चढवला नाही. पण जुन्या चालीरीती टाकून दिल्याचं ज्या घरात छाती फुगवून सांगत, त्याच घरात नवरा गेलेल्या बाईनं पाळण्याला हात लावायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालन मागं झाली. मग आणखी मागं झाली, दारापाशी आली, चपला घातल्या आणि रस्त्याला लागली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

साल पंच्याहत्तर. तिची तिशी अजून उलटायची होती. नवरा सावळीराम नाशिक रोडच्या छापखान्यात होता. लग्नानंतर थोडक्याच वर्षांत काविळीनं गेला. मालन मॅट्रिक झालेली, म्हणून तिला त्याच छापखान्यात कामाला घेतलं. दिवसभर टेबलाशी बसून छापून आलेल्या पोस्टाच्या तिकिटांची पानं नजरेखालून घालायची, कुठं शाई फाकली असेल, रंग सरकला असेल तर ते पान बाजूला काढायचं. भोंगा झाला की वसाहतीतल्या आपल्या दोन खोल्यांत परत. वसाहतीत माणसांची वानवा नव्हती. नळावर, जिन्यात, दळणाच्या रांगेत बोलणं व्हायचं. पण दार लावून घेतलं की आतलं सगळं जसंच्या तसं असायचं. सकाळी ठेवलेली वाटी संध्याकाळी तिथंच. ती हलवायला दुसरं कोणी नव्हतं. आठवड्याचे बाकीचे दिवस कामात जात. रविवार मात्र सरता सरत नसे.

भगूरहून बस मिळाली, पण देवळाली कॅम्प सोडल्यावर थोड्या वेळात टायर बसला. कंडक्टरनं सगळ्यांना उतरवलं. लोक वडाच्या सावलीत जाऊन बसले. मालनच्या घशाला कोरड पडली होती. रस्त्याच्या पलीकडे एका जुन्या बंगल्याचं फाटक उघडं होतं आणि व्हरांड्यात लाल फडकं गुंडाळलेला माठ दिसत होता. ती पाणी प्यायला म्हणून आत गेली.

माठाशेजारी खाकी सदरा घातलेला एक काळासावळा, हाडकुळा माणूस बसला होता. त्यानं उठून तिला तांब्या भरून दिला. ती पाणी पिऊन होईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "आत बी बघून घ्या बाई. रविवारचं कुनी येतच नाय."

"आत काय आहे?"

"तसबिरी."

त्या भागातले लोक त्याला तसबीर बंगलाच म्हणत. तो होता एका पारशी शेठचा. शेठच्या वडिलांचा कापसाचा व्यापार, इटलीतल्या बंदरांपर्यंत त्यांच्या गाठी जायच्या. मागच्या शतकात तिकडच्या चित्रकारांनी काढलेली चित्रं त्यांनी हौसेनं विकत घेतली होती आणि पेट्यांत घालून इथं आणली होती. शेठला मूलबाळ नव्हतं. त्यांच्या मागं ट्रस्ट झाला आणि बंगला लोकांना बघायला खुला केला. पण मिलिटरी कॅम्पाच्या रस्त्यावर परदेशी चित्रं बघायला येणार कोण? शाळेची एखादी सहल आली तर आली.

बस दुरुस्त व्हायला वेळ होता. मालन आत गेली.

आत गारवा होता. खिडक्यांना जाड पडदे, फरशी थंड. पहिल्या खोलीत सोनेरी चौकटीतली मोठमोठी माणसं होती, गळ्याशी पांढऱ्या झालरी लावलेली. त्यांच्याकडे बघताना मालनला आपणच कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं वाटलं. दुसऱ्या खोलीत एक पांढऱ्या बैलांची जोडी होती. फुफाट्याच्या रस्त्यावर उभी, ऊन इतकं की सावल्या निळ्या पडलेल्या. तिसऱ्या खोलीच्या दारात मात्र ती थबकली.

समोरच्या भिंतीवर भाताचं खाचर होतं.

करड्या पाण्यानं भरलेलं खाचर, आणि त्यात बायांची एक ओळ. सगळ्या वाकलेल्या, सगळ्या पाठमोऱ्या. घागरे गुडघ्याच्या वर खोचलेले, पोटऱ्या चिखलात, डोक्यावर रुंद गवती टोप्या. पाण्यात त्यांची उलटी प्रतिबिंबं. एकीचंही तोंड दिसत नव्हतं. लांब क्षितिजाशी उंच, सरळसोट झाडांची रांग होती. ती झाडं तेवढी अनोळखी. बाकी सगळं मालनच्या ओळखीचं होतं.

तिचं माहेर घोटीच्या पुढं, इगतपुरीच्या अंगाला. तिकडं भात लावायला आवणी म्हणतात. तिची आई धोंडाबाई जन्मभर दुसऱ्याच्या खाचरात आवणीला गेली. लहानपणी मालन बांधावर इरल्याखाली बसून राहायची आणि आईची ओळ हळूहळू मागं सरकत यायची. त्या ओळीत आई कुठली, ते लुगड्याच्या रंगावरून ओळखायचं.

"हे कुठलं आहे?" तिनं विचारलं.

खाकी सदऱ्यातला माणूस तिच्या मागोमाग आला होता. "परदेसातलं हाय. सगळंच परदेसातलं. तिकडं बी भात लावत्यात म्हनं." मग म्हणाला, "मला बी पैल्यांदा आमच्याकडचंच वाटलं व्हतं. मी सुरगाण्याचा."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. लोक चढले, बस गेली. मालन तिथंच उभी होती. ती पुढच्या बसनं घरी गेली, आणि त्या दिवशी जेवायचं राहिलं होतं हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली. मग त्याच्याही पुढच्या.

सुरगाण्याच्या त्या माणसाचं नाव मंगळू. कोकणा आदिवासी समाजाचा. डोंगरात थोडी नागली, थोडं भात, ते पोटाला पुरत नसे. म्हणून त्याच्या घरची सगळी पावसाळा सरला की कामाला खाली उतरत. मंगळू असाच बंगल्याच्या बागेत मजुरीला आला होता. शेठनं त्याला ठेवून घेतलं आणि शेठ गेल्यावर ट्रस्टनं. तेव्हापासून बायको पुतळाबाई आणि मुली गावीच राहत. सणाला, आवणीला तो गावी जायचा, वणीपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपला लोंबकळत. बाकीचं सगळं वर्ष तो त्या चित्रांच्या सोबतीनं काढायचा.

दोघांत बोलणं फार नसे. ती तिसऱ्या खोलीतल्या बाकावर बसायची, तो दाराशी स्टुलावर. कधी तो पडदा थोडा सरकवून म्हणायचा, "आता बघा, उजेड आला का पान्याला." आणि खरंच, दुपारच्या उजेडात चित्रातलं पाणी चमकायचं. कधी ती डब्यातून थालीपीठ आणायची. तो ते घेऊन व्हरांड्यात जायचा, तिच्यासमोर खायचा नाही.

"तुम्हाला कुठलं आवडतं?" एकदा तिनं विचारलं.

"बैल," तो लगेच म्हणाला. "पन त्यांला पानी दाखवाया पायजे व्हतं. कवाचे उभे हाईत उनात."

मालन हसली. किती दिवसांनी हसली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाकावर बसून ती नक्की काय बघायची? सुरुवातीला ती त्या बायांमध्ये आई शोधायची. तिसरी, जरा बुटकी, कमरेतून जास्त वाकलेली. ती असेल. मग कधी वाटायचं, नाही, कडेची. त्या बायांनी आत्ता, या क्षणी पाठ सरळ केली आणि मागं वळून बघितलं तर, असं तिला सारखं वाटायचं. आपल्याला बघून कोणीतरी ओळखीचं हसेल. त्या आशेवर ती बसून राहायची. संध्याकाळी मंगळू खिडक्या लावायला लागला की उठायची.

अशी दोनेक वर्षं गेली. वसाहतीत बोलणं सुरू व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता. शेजारच्या यशोदाबाईंनी आधी गमतीनं विचारलं, मग गंभीर होऊन. आणि एक दिवस रावजी, तिचा दीर, सायकल जिन्याखाली लावून वर आला. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि खाली बघतच म्हणाला, "वहिनी, लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"दर रविवारी कॅम्पाच्या रस्त्याला जाता म्हणे. तिथं कोणी वॉचमन आहे."

"आहे. मंगळू नाव त्याचं."

रावजीला हे अपेक्षित नव्हतं. तो गडबडला. "म्हणजे... तुम्ही तिथं जाता कशाला?"

"चित्रं बघायला."

"दर रविवारी? तीच चित्रं?"

मालनला त्याला सांगावंसं वाटलं. पाण्याचं सांगावं, पाठमोऱ्या बायांचं सांगावं. पण ते शब्दांत धरायला गेलं तर हातात काही येईना. ती म्हणाली, "हो. तीच."

रावजीनं मान हलवली. तो वाईट माणूस नव्हता. जाताना जिन्यात थांबून म्हणाला, "दादाचं नाव आहे वसाहतीत. एवढंच." सायकलची घंटी वाजली आणि तो गेला.

तो सगळा पावसाळा मालन बंगल्यावर गेली नाही. रविवारी घर पुसायची, डबे घासायची, घासलेले पुन्हा घासायची. रडायला यायचं नाही, तेही बरं नव्हतं. सुगी संपली, दिवाळी झाली, आणि तिच्या मनानं एक घेतलं. आईला आणायचं. आईला ते चित्र दाखवायचं. मग कोणी काही बोलो. आई बरोबर असल्यावर कोणाच्या बोलण्याला जागा राहणार नाही हे एक. पण खरं कारण वेगळं होतं. जगात एक माणूस असं आहे की ज्याला त्या चित्रातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही, असं तिला वाटत होतं.

धोंडाबाई सहसा गाव सोडत नसे. या खेपेला कमरेचं औषध घ्यायचं निमित्त काढून मालननं तिला घोटीहून एसटीत बसवून आणलं. रविवारी दोघी कॅम्पाच्या बसनं निघाल्या. बंगल्याच्या फाटकाशी धोंडाबाईनं वहाणा काढल्या.

"आई, घाल पायात. देऊळ नाही ते."

"असू दे. फरशा मोप चांगल्या हाईत," धोंडाबाई म्हणाली आणि वहाणा हातात धरूनच आत शिरली.

मंगळू लगबगीनं उठला. इतक्या महिन्यांनी मालनला बघून त्याचा चेहरा उजळला. त्यानं माठातलं पाणी आणून दिलं, दोघींना. मग तिसऱ्या खोलीचा पडदा जाऊन सरकवला, म्हणजे पाण्याला उजेड यावा.

मालन आईला सरळ त्या चित्रापुढं घेऊन गेली. ती चित्राकडे बघत नव्हती, आईच्या तोंडाकडे बघत होती.

धोंडाबाईनं बघितलं. डोळे बारीक केले. "आवणी हाय," ती म्हणाली. मग जरा पुढं वाकून, "नाय, निंदणी हाय. त्या कडंच्या बाईच्या हातात गवात हाय. बरं. म्होरं काय हाय?"

आणि ती पुढं चालू लागली.

मालन जागच्या जागी उभी राहिली. आपण काहीतरी भरभरून ताट वाढावं आणि समोरच्यानं हात धुऊन उठावं, तसं तिला झालं. मंगळू दाराशी होता. त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

धोंडाबाई एकटीच चौथ्या खोलीत गेली होती. बऱ्याच वेळानं मालन तिला शोधत आत गेली. त्या खोलीत मालन कधी फारशी थांबत नसे. तिथं श्रीमंत घरातली चित्रं होती, रेशमी पडदे, फुलदाण्या, पियानो. धोंडाबाई एका चित्रासमोर बाकावर बसली होती. वहाणा मांडीवर.

चित्रात एक बाई कोचावर रेलली होती. अंगात फिकट निळा झगा, पाय वर घेतलेले, एक चप्पल खाली सुटून पडलेली. हातात पुस्तक होतं, पण ती वाचत नव्हती. पुस्तक मिटून बोट आत ठेवलेलं. खिडकीतून ऊन येत होतं, त्याच्याकडे ती बघत होती.

"ही काय करती?" धोंडाबाईनं विचारलं.

"काही नाही. बसलीय."

"आजारी हाय?"

"नाही गं. चांगली आहे."

"मंग दिवसाढवळ्या अशी?"

"हो."

धोंडाबाईनं हळूच विचारलं, "आन हिला कुनी उठवत नाय?"

"नाही."

"बघ की," धोंडाबाई म्हणाली. तिच्या आवाजात हेवा नव्हता, राग नव्हता. नवल होतं, लहान मुलीला जत्रेत वाटावं तसं. ती बसूनच राहिली. मालन दोनदा म्हणाली, चल आई, अजून खोल्या आहेत. धोंडाबाईनं हात हलवला. त्या बाईच्या सुटून पडलेल्या चपलेकडे, खाली लोंबणाऱ्या हाताकडे, उन्हाच्या पट्ट्याकडे ती बघत राहिली. मंगळू खिडक्या लावायला आला तेव्हाच उठली. उठताना कमरेला हात लावून "आई गं" म्हणाली आणि चित्राकडे बघून जराशी हसली.

घरी आल्यावर मालन मुकाट्यानं भाकरी थापत होती. धोंडाबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. खुशीत होती. शेवटी मालनला राहवलं नाही.

"ते भाताचं चित्र तुला आवडलं नाही?"

"त्यात काय बघायचं? माझी कंबर तितंच गेली."

"मला वाटलं, तुला... मी त्याच्यासाठीच आणलं होतं तुला."

धोंडाबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. "तुला आवडतं व्हय ते?"

मालननं मान हलवली.

"आवडंल," धोंडाबाई म्हणाली. "तू कुटं उतरलीस चिखलात? तुला मी कवा उतरूच दिली नाय. मालक म्हनायचा, पोरीला घे ओळीत, तिला बी शेर-दोन शेर भात देतो. मी म्हनलं, नाय. माझी पोर बांधावरच बसंल. मंग हॉस्टेलात घातली तुला." "मी लावत लावत मागं यायची, तर तू मला हाका मारायची. आई, आई. एक गडी मानूस हासायचा. मी काय वळून बघायची नाय. वळून बघितलं तर ओळ मोडती. आन तुला बघितलं तर हात चालायचा नाय."

तव्यावरची भाकरी करपली. मालननं ती उलटली आणि बाजूला काढून ठेवली. पाठ आईकडे करून ती चुलीशी बसून राहिली. आईची पाठ तिला आठवत होती, चिखलानं भरलेल्या पोटऱ्या आठवत होत्या, लुगड्याचा रंग आठवत होता. आवणीच्या दिवसांतलं आईचं तोंड मात्र काही केल्या आठवत नव्हतं. कधी बघितलंच नव्हतं तर आठवणार कुठून?

धोंडाबाई त्यानंतर तीन-चार वर्षांनी गेली. थंडीचे दिवस होते. गावाकडून निरोप आला तो दुपारी, छापखान्याच्या फाटकावर. घोटीची एसटी, पुढं बैलगाडी. मालन पोचली तेव्हा माणसं नदीवरून परतत होती. तिच्यासाठी थांबायचं म्हणून भाऊबंदांनी बराच वेळ वाट बघितली होती, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. तिनं कोणाला दोष दिला नाही. आईचं तोंड या खेपेलाही बघायचं राहिलं, एवढंच ती मनाशी म्हणाली आणि ओट्यावर बसली.

महिन्याभरानं ती बंगल्यावर गेली. लोकांच्या बोलण्याचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं, आणि लोकही बोलून दमले होते. मंगळूनं पाणी दिलं. "आईला नाय आनलं फिरून? त्या लय येळ बसल्या व्हत्या तवा."

"आई गेली."

मंगळूनं तांब्या खाली ठेवला. मग तो चौथ्या खोलीत गेला आणि निळ्या झग्याच्या बाईसमोरचा बाक आपल्या सदऱ्याच्या बाहीनं पुसून आला. मालन तिथं जाऊन बसली. कोचावरच्या बाईत आई नव्हती. कुठंच नव्हती. पण आई कशाकडे बघत होती, ते मालनला आता बघता येत होतं. चित्रातलं ऊन, सुटलेली चप्पल. तेवढी एक दुपार आईनं कोणी न उठवता बसून काढली होती. मालनला त्या दिवशी रडू आलं. मंगळू दाराशी स्टुलावर पाठ करून बसला, म्हणजे तिला मोकळं रडता यावं.

चौऱ्याऐंशी साली ट्रस्टनं बंगला विकायचं ठरवलं. छप्पर गळत होतं, दुरुस्ती झेपत नव्हती. चित्रं मुंबईला न्यायची ठरली, तिथं कुठल्याशा गोदामात. मालनला ते कळलं तेव्हा लाकडी पेट्या आल्या होत्या आणि खोल्या निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या. भाताचं चित्र पेटीत गेलं होतं. मंगळूनं स्वतः त्याला गोणपाट गुंडाळलं होतं.

"उघडू का?" त्यानं विचारलं. "खिळं अजून पक्कं नाय ठोकलं."

मालननं विचार केला. "नको," ती म्हणाली. "राहू दे."

दोघं रिकाम्या खोलीत उभी राहिली. मंगळू म्हणाला, "मी जातो आता गावाला. शिमग्याला या बाई सुरगाण्याला. आमची सगळी मानसं शिमग्याला परतून येत्यात."

तो शिमगा असाच गेला. त्याच्या पुढच्या शिमग्याला मात्र मालननं रजा टाकली, वणीपर्यंत एसटीनं गेली आणि तिथून सुरगाण्याच्या जीपमध्ये बसली. जीप माणसांनी लगडलेली, टपावर पोरं, बोचकी, कोंबड्या. कामाला खाली गेलेली सगळी सणाला घरी चालली होती. मंगळूचं नाव सांगितल्यावर एका म्हातारीनं तिला पाड्याच्या वाटेला लावून दिलं.

मंगळू अंगणात दोर वळत बसला होता. अधिकच वाळला होता. तिला बघून तो उठला, आणि सवयीनं आधी पाणी आणायला धावला. पुतळाबाईनं घोंगडी अंथरली. चौकशी झाली, प्रवासाची, छापखान्याची, मुलींच्या लग्नांची. मग बोलणं संपलं. मंगळू जमिनीकडे बघत होता, मालन समोरच्या डोंगराकडे. इतकी वर्षं एका छपराखाली काढलेली दोन माणसं, आणि सांगायला काही नाही.

"तितं बोलायचं काम पडत नव्हतं," मंगळू ओशाळून म्हणाला आणि लाकडं आणायचं निमित्त करून उठला.

तो गेल्यावर पुतळाबाई जवळ सरकली. ती धिप्पाड, मोकळ्या तोंडाची बाई होती. "बाय, एक विचारू का? ह्यो मानूस इतकी वर्सं त्या बंगल्यात काय राखत व्हता? घरी आला का मी विचारायची. म्हनायचा, तसबिरी. कसल्या, तर म्हनायचा, मला नाय सांगता येत. मी तर बघितल्या नाय कधी. तुम्ही सांगा."

मालन थबकली. रावजीला सांगता आलं नव्हतं, आईला सांगायची वेळच आली नव्हती. पण पुतळाबाई हनुवटी गुडघ्यावर टेकून बसली होती आणि तिला घाई नव्हती. मालननं बैलांपासून सुरुवात केली. रस्ता कसा, फुफाटा कसा, सावल्या निळ्या कशा. मग झालरी लावलेली माणसं. मग निळ्या झग्याची बाई. पुतळाबाईच्या मुली येऊन बसल्या, शेजारच्या दोन बाया आल्या. भाताच्या चित्राचं सांगताना ती उठून उभी राहिली आणि त्या बाया कशा वाकल्या होत्या ते करून दाखवू लागली. बाया हसल्या. एक म्हणाली, "आवो, अशी वाकाल तर रोप तिरपं जाईल," आणि तिच्या कमरेला धरून तिला नीट वाकवलं. मंगळू लाकडाची मोळी घेऊन कुडापाशी उभा राहून ऐकत होता.

संध्याकाळ झाली, खाली पाड्यावर ढोल वाजायला लागला तशा बाया पांगल्या. मालननं त्यांच्यात नागलीची भाकरी खाल्ली, होळी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं निघाली. पुतळाबाईनं नागलीचं पीठ बांधून दिलं. "पुढच्या शिमग्याला या," म्हणाली.

मालन पुन्हा गेली नाही. दोन वर्षांनी रावजीच्या मुलीच्या, त्याच बारशातल्या मुलीच्या, शाळेसाठी तिनं तिला आपल्याकडे ठेवून घेतलं. मुलगी अभ्यासू, अबोल. रविवारी दुपारी ती पुस्तक घेऊन लोखंडी खाटेवर पडायची, आणि बऱ्याचदा पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत राहायची. नळावर पाणी आलेलं असायचं, भांडी पडलेली असायची. मालन बादली उचलायची आणि आवाज न करता बाहेर जायची.